पीळ, गाठ आणि यो-यो

गेल्या विकांताला माळा आवरायला घेतला आणि नेहमीप्रमाणे आवरणं राहिलं बाजूला. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात माझा लहानपणीचा लाल यो-यो सापडला! रंग पार उडालेला, पण दोरी शाबूत. मग काय, दोन तास यो-यो आणि पुढचे चार तास यो-योचा इतिहास. "झाला का माळा आवरून?" या प्रश्नाला अजून उत्तर दिलेलं नाही. असो.

हा यो-यो बारामतीच्या आठवडी बाजारातला. गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, मी चौथीत वगैरे असेन. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, पण मोठा बाजार करायचा तर बारामती. बाबांच्या मागे लागून यो-यो घेतला आणि स्टँडवर एस्टीची वाट बघता बघताच लक्षात आलं, की आपण फसलोय. पुण्याहून सुट्टीला येणाऱ्या मावसभावाचा यो-यो खाली जाऊन तिथंच गरागरा फिरत राहायचा, झोपायचा म्हणा ना, आणि बोटाने हलका झटका दिला की सरसर वर यायचा. माझा नुसता खाली-वर, खाली-वर. भवानीनगर येईपर्यंत मी रडकुंडीला आलो होतो.

फरक काय होता? एका गाठीचा. माझ्या यो-योची दोरी मधल्या आसाला गाठ मारून पक्की बांधलेली होती. दोरी संपली की चकतीला दुसरा रस्ताच नाही, उलटी गुंडाळत वर यायचं. भावाच्या यो-योची दोरी आसाभोवती नुसती फासासारखी बसवलेली होती. दोरी संपली तरी आस त्या फासात फिरत राहतो. यो-योचा सगळा इतिहास या गाठ आणि फासाच्या मधे मावतो, असं मला आता वाटायला लागलंय.

खेळणं तसं फार जुनं. बर्लिनच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी ४४० च्या सुमाराचं एक ग्रीक पात्र आहे, त्यावर यो-यो खेळणारा मुलगा रंगवलाय. आपल्याकडे सूरदासांच्या पदात बाळकृष्ण यशोदेकडे भोवरा आणि 'चकडोरी' मागतो, आणि तुलसीदासांच्या गीतावलीत अयोध्येच्या गल्लीतही चकडोरी आहे. चक म्हणजे चकती, डोरी म्हणजे दोरी. क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयात १७७० च्या आसपासचं एक राजस्थानी लघुचित्र आहे, त्यातल्या बाईंच्या हातात चक्क यो-यो! म्हणजे आमच्या बारामतीत कऱ्हेकाठी मोरोपंत आर्यांमागून आर्या रचत होते, त्याच काळात. मोरोपंत १७९४ मध्ये गेले. त्याच्या जेमतेम दोन-तीन वर्षं आधी फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या उमरावांना या खेळण्याचं वेड लागलं होतं. इंग्लंडात त्याला बँडलोर म्हणत. अमेरिकेत १८६६ मध्ये सिनसिनाटीच्या हेवन आणि हेट्रिक या दोघांनी 'सुधारित बँडलोर'चं पेटंटही घेतलं. पण ही बँडलोर मंडळी सगळी खाली-वर जातीची. माझ्या यो-योसारखी.

झोपणारा यो-यो अमेरिकेत नेला पेद्रो फ्लोरेस या फिलिपिनो माणसाने. फिलिपिन्समध्ये हे खेळणं आणि 'यो-यो' हा शब्द दोन्ही आधीपासून होते. ('शिकारी झाडावरून यो-यो फेकून मारायचे' ही गोष्ट तुम्हीही कुठेतरी वाचली असेल. तिला भक्कम पुरावा नाही, जाहिरातीत मात्र ती फार खपली.) फ्लोरेसने १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरात कंपनी काढली. शोध आपण लावला असा दावा त्याने केला नाही, हे मला विशेष वाटतं. त्याच्या यो-योत गाठ नव्हती, फास होता. १९३० च्या आसपास डोनाल्ड डंकनने त्याच्याकडून धंदा विकत घेतला आणि 'यो-यो' हा शब्दच आपला ट्रेडमार्क करून टाकला. पुढे रॉयल टॉप्स या स्पर्धक कंपनीबरोबरच्या खटल्यात १९६५ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, की हा तर सर्वसामान्य शब्द आहे, तो कुणा एकाचा नाही. त्याच वर्षी डंकनच्या कंपनीचं दिवाळं निघालं.

आता परत आमच्या गावात येऊ.

गावात एक म्हातारे होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. मातंग समाजाचे. केकताडाचा वाख काढून त्याचे दोर वळायचे. कासरे, दावी, मोटेच्या काळात नाडेसुद्धा. त्यांच्यापुढे मी रडका चेहरा घेऊन उभा राहिलो. त्यांनी यो-यो उलटसुलट करून बघितला आणि हसले.

"गाठ कुनी मारली रं याला? दोराला गाठ मारली की दोर मेला. पीळ जित्ता पायजे."

गाठ कापली. आजीच्या डब्यातला सुती दोरा मागवला. एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून त्यांनी दोऱ्याला भरपूर पीळ दिला, मग तो मधोमध दुमडला. दुमडल्याबरोबर दोन्ही पदर आपले आपण एकमेकांभोवती वळले. दुमडलेल्या टोकाचे पदर थोडे उकलून फास मोठा केला, त्यातून अख्खी चकती पार केली आणि सोडून दिला. फास आसावर अलगद बसला. हाताशी पुस्तक नाही, काही नाही. यो-योची दोरी कारखान्यातही अशीच बनते, पीळ देऊन दुमडलेली, हे मला गेल्या शनिवारी कळलं!

पहिल्यांदा फेकला तर यो-यो झोपेचना, लगेच परत. पीळ जास्त झाला होता, फास आसाला आवळत होता. तात्यांनी दोरी धरून यो-यो खाली लोंबता सोडला आणि पिळाच्या उलट दिशेने चार फेरे दिले. आता झोपला, पण झटका देऊनही उठेना! फास फारच सैल झाला होता. मग पिळाच्या दिशेने दोन फेरे. जमलं. वर यायला कमी पडतोय असं वाटलं, तर फास आसाभोवती दोनदा घ्यायचा, पकड वाढते. प्रत्येक फेकीबरोबर पीळ थोडा थोडा बदलत जातो, म्हणून मधूनमधून यो-यो लोंबता सोडून हा हिशोब पुन्हा करायचा.

आमच्या धंद्यात याला टाइट कपलिंग, लूज कपलिंग म्हणतात आणि त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत. तात्या शाळेत गेले नव्हते.

आणि एक गोष्ट लिहायची नाही असं ठरवलं होतं, पण लिहितो. त्या दिवशी तात्या आमच्या ओट्याखाली बसले होते, ओट्यावर नाही. आजीने त्यांना पाणी दिलं ते वरून, ओंजळीत. गावातला प्रत्येक बैल त्यांच्या दोराने बांधलेला, बारा बलुत्यांत त्यांचा मान 'धरलेला', आणि बसायची जागा ही. मला तेव्हा काहीच वावगं वाटलं नाही. मी यो-यो घेऊन पळालो.

पुढे निळेपिवळे नायलॉनचे दोर आले. स्वस्त, टिकाऊ, न कुजणारे. तात्यांचं काम बंद पडलं. त्यांच्या मुलांनी ते शिकावं असं त्यांनाही वाटत नव्हतं, आणि का वाटावं? गंमत बघा, पक्क्या आसाच्या यो-योला नायलॉनची दोरी चालत नाही. घासून तापते आणि वितळते. तिथे अजूनही सूतच लागतं. बाकी बॉल बेअरिंगचे यो-यो आलेत, ते काही मिनिटं सहज झोपतात. त्यातले पुष्कळसे तर नुसत्या झटक्याने वर येतच नाहीत, त्यासाठी वेगळी युक्ती शिकावी लागते.

'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' असं आपण हट्टी माणसाला चिडून म्हणतो. यो-योचं नाव कुणाचं, यावर कोर्टात भांडणं झाली, पेटंटवर नावं लागली. पीळ देणाऱ्यांचं नाव कुठेच लागलं नाही. तात्यांचं पूर्ण नाव मलाही माहीत नाही. आईला फोन करून विचारलं, तिलाही आठवेना.

डब्यातल्या यो-योला मात्र अजून त्यांनीच वळलेली दोरी आहे. रविवारी चार वेळा फेकला. तीन वेळा झोपला, आणि तिन्ही वेळा उठून परत आला.