गोल्फविद्येचे गुरू आणि ग्रंथ

पुस्तक वाचून कोणी पोहावयास शिकल्याचे ऐकिवात नाही. कुस्ती आखाड्यात वस्तादापुढे शिकावी, गाणे गुरूसमोर बसून घ्यावे, अशीच आपल्याकडील रीत आहे. असे असता, ज्याच्या शिक्षणाकरिता विपुल ग्रंथरचना झाली असा एक खेळ पश्चिमेकडे आहे. तो गोल्फ होय. जमिनीवर पडलेला लहानसा चेंडू काठीने टोलवून, कमीत कमी टोल्यांत दूरच्या खळग्यात घालावयाचा, एवढेच त्याचे स्वरूप. चेंडू जागचा हलत नाही, प्रतिपक्षी अंगावर धावून येत नाही; म्हणून खेळणाऱ्यास विचार करावयास हवा तेवढा अवकाश मिळतो, आणि त्या अवकाशातच उपदेशास जागा होते. ह्या उपदेशाचा इतिहास पाहिला, तर शरीराची विद्या शब्दांनी कितपत देता येते, ह्या मोठ्या प्रश्नावरही थोडासा प्रकाश पडतो.

स्कॉटलंडात हा खेळ फार जुना. लोक धनुर्विद्या सोडून त्याच्या नादी लागतात म्हणून 1457 साली तेथील पार्लमेंटाने त्यास बंदी केली होती. परंतु तो कसा खेळावा ह्याविषयीचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लिखाण 1687 सालचे आहे. एडिंबरो येथे वैद्यकाचा अभ्यास करणाऱ्या टॉमस किंकेड नामक तरुणाने आपल्या रोजनिशीत ते नमूद करून ठेविले. चेंडू छातीसमोर, किंचित डाव्या पायाकडे असावा, शरीर कमरेतून थोडे पुढे झुकलेले असावे, ह्या त्याच्या सूचना आजही कोणी शिक्षक सहज मान्य करील. परंतु त्याच रोजनिशीत तो असेही सांगतो की, पट्टेबाजीत उभे राहतात तसे उभे राहावे, आणि पाय, पाठ व बाहू ह्यांचे स्नायू अगदी ताठ ठेवावेत. आजचा शिक्षक नेमके ह्याच्या उलट सांगतो. किंकेड बुद्धीने कमी होता असे नव्हे. तलवार धरण्याची रीत त्याच्या डोळ्यांपुढे होती, आणि तिच्याच मापाने त्याने गोल्फची काठी मोजली. उपदेशात उपदेशकाचे पूर्वायुष्य दडलेले असते, ही गोष्ट ह्या पहिल्याच उदाहरणात दिसून येते.

पुढे दीडशेहून अधिक वर्षे हा खेळ बहुधा पाहून आणि अनुकरण करूनच शिकला जाई. काठ्या वाहणारा पोऱ्या, म्हणजे कॅडी, मोठ्यांचा खेळ पाहत पाहत तरबेज होई आणि प्रसंगी धन्यासही चार गोष्टी शिकवी. चामड्यात पिसे ठासून केलेला चेंडू महाग असल्याने खेळणारे थोडेच असत. 1848 च्या सुमारास गटापर्चाचा स्वस्त व टिकाऊ चेंडू आला आणि खेळाचा प्रसार झपाट्याने झाला. ज्यांना कोणी जाणता शेजारी लाभला नाही, अशा नवशिक्यांचा वर्ग निर्माण झाला, आणि त्यांच्यासाठी पुस्तके आली. 1857 साली एच. बी. फार्नी ह्याने टोपणनावाने शिक्षणपर पुस्तक प्रसिद्ध केले. 1905 साली हॅरी व्हार्डन ह्या जर्सी बेटावरील खेळाडूचा ग्रंथ निघाला. ब्रिटिश खुली स्पर्धा त्याने एकंदर सहा वेळा जिंकली. उजव्या हाताची करंगळी डाव्याच्या तर्जनीवर ठेवून काठी धरण्याची पद्धत त्याच्याच नावाने रूढ झाली. वास्तविक जॉनी लेडले हा तिचा अवलंब त्याच्या आधीपासून करीत होता. ही पद्धत पुस्तकांतून जगभर पोचली, ह्याचे कारण उघड आहे. हाताची ठेवण स्थिर असते, म्हणून ती चित्रात दाखविता येते. काठीच्या फेकीची मात्र तशी गोष्ट नाही. चेंडू व काठी ह्यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरताच टिकतो. तेवढ्या क्षणात कोणताही नियम आठवणे शक्य नाही. तेथे केवळ सवयच कामास येते.

हे मर्म अर्नेस्ट जोन्स ह्या इंग्रज शिक्षकास मोठ्या दुःखातून उमगले. पहिल्या महायुद्धात, 1916 साली, त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. दोन्ही पायांवर शरीराचा भार कसा तोलावा ह्याविषयी ग्रंथांत जे काही लिहिले होते, ते सारे त्याच्यापुरते निरुपयोगी झाले. तरीही काही महिन्यांतच एका पायावर उभे राहून त्याने अठरा खळगे 83 टोल्यांत पुरे केले. पाय गेला तरी खेळ शाबूत राहिला, ह्याचा अर्थ त्याने असा लाविला की, अवयवांच्या हालचाली हे कार्य असून कारण नव्हे. काठीचे टोक झोक्यासारखे फिरविले म्हणजे शरीर आपोआप त्यामागून जाते. पुढे अमेरिकेत तो रुमालाच्या टोकास चाकू बांधून हा झोका शिष्यांस दाखवी. 1932 पासून लागोपाठ तीन वर्षे अमेरिकेतील स्त्रियांची हौशी स्पर्धा जिंकणारी व्हर्जिनिया व्हॅन वाय ही त्याचीच शिष्या.

ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकास बेन होगन उभा आहे. 1949 साली बसगाडीशी झालेल्या भयंकर टकरीतून वाचून, पुढल्याच वर्षी अमेरिकन खुली स्पर्धा जिंकणारा हा पुरुष सरावाचा मूर्तिमंत अवतार होता. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पाच धड्यांत प्रत्येक सांध्याची, प्रत्येक बोटाची स्थिती काटेकोरपणे सांगितली आहे, आणि साधारण मनुष्यासही त्या बळावर ऐंशीच्या आत खेळ पुरा करता येईल, असा भरवसा दिला आहे. पुस्तक खरोखर उत्कृष्ट आहे. परंतु होगनचा जन्माचा शत्रू म्हणजे डावीकडे वळणारा चेंडू, आणि त्याचे कित्येक नियम त्याच रोगावरील औषधे आहेत. सामान्य उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू बहुधा उजवीकडे वळतो! एकाचे पथ्य दुसऱ्यास कुपथ्य होते, ते असे.

ह्या कोड्याचे उत्तर टेक्ससमधील ऑस्टिन गावी हार्वी पेनिक नावाच्या शिक्षकाने आपल्या आचरणाने दिले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून तो लाल वहीत टिपणे करीत असे. पण ती वही त्याने कित्येक दशके जगापासून दूर ठेविली. टॉम काइट व बेन क्रेनशॉ हे दोघे नामांकित खेळाडू लहानपणापासून त्याचे शिष्य. तथापि एकास शिकविताना दुसऱ्यास तो पाहूही देत नसे. कारण एकासाठी काढलेली मात्रा दुसऱ्याने घ्यावी हे त्यास मान्य नव्हते. अखेर 1992 साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्याने ती टिपणे छापू दिली आणि ती लाखो वाचकांच्या हाती गेली.

तेव्हा ग्रंथ व्यर्थ आहेत असा ह्या इतिहासाचा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. जाणता शेजारी ज्यास लाभत नाही, त्यास ग्रंथाशिवाय दुसरा आधार कोणता? परंतु ग्रंथ समोरचा मनुष्य पाहू शकत नाही. ते काम शिक्षकाचे, आणि शिक्षक नसेल तेथे वाचकाचे स्वतःचे. उपदेश करणारा कोण होता, त्याचे शरीर कसे होते, त्याने तो नियम कोणत्या दुखण्यावर शोधून काढिला, एवढे विचारून जो एकच सूचना घेईल आणि ती अंगवळणी पडेपर्यंत दुसरीस हात लावणार नाही, त्यालाच ग्रंथ गुरूच्या ठिकाणी होईल. हा नियम गोल्फच्या मैदानापुरताच आहे असे मात्र आम्हांस वाटत नाही.