शाळेविना आलेली ग्रीक

पनवेल सोडून गोव्याच्या वाटेला लागले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण येते. गावाचे नाव इतिहासात आहे ते वासुदेव बळवंत फडके १८४५ साली इथे जन्मले म्हणून. गावाचा भूगोल मात्र त्याहून कितीतरी जुने नाते सांगतो. उत्तरेला कल्याण, दक्षिणेला चौल, पूर्वेला बोरघाट, आणि घाट चढून गेले की कार्ले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या बंदरांच्या वहीत ‘कल्लिएना’ आहे आणि ‘सेमुल्ला’ही आहे, पहिले कल्याण, दुसरे बहुतेक अभ्यासक चौल मानतात. या दोहोंमधल्या पट्टीत ग्रीक भाषा आली ती पंतोजीच्या हाताखाली नव्हे, तर व्यवहाराच्या आणि रीतिरिवाजांच्या वाटेने. माझे म्हणणे असे की जो शब्द एखाद्या कामाला चिकटून आला तो राहिला. जी अक्षरे नुसत्या रुबाबासाठी आली ती राजमुद्रेवर असूनही गेली. आणि हाच नियम इथे आलेल्या ग्रीकांच्या तोंडच्या भाषेलाही लागू पडला.

आधी त्यांचेच बघू. पेरिप्लसचा कर्ता पंडित नव्हता, त्याला प्राकृताच्या व्याकरणाशी देणेघेणे नव्हते. पण भडोचच्या फसव्या खाडीत जहाज आत घ्यायला ज्या स्थानिक नावा पुढे येत, त्यांची नावे तो नेमकी टिपतो: त्राप्पगा आणि कोतुंबा. भडोचच्या दक्षिणेच्या मुलखाला ‘दखिनाबदेस’ का म्हणतात हेही त्याला ठाऊक आहे, कारण इथले लोक दक्षिणेला काय म्हणतात ते त्याने ऐकलेले आहे. मात्र त्या शब्दाला त्याने आपला ग्रीक प्रत्यय लावून टाकला. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला तेर आणखी दहा, हा हिशेबही त्याच्याकडे आहे. गरजेपुरती भाषा अशी असते. यावर कोणी म्हणेल की त्याच वहीत कल्याणला चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेतात असे लिहिले आहे, मग या किनाऱ्यावर ग्रीक उतरलेच कुठे? पण बंदी घालावी लागते ती येणाऱ्यावरच. शिवाय जे इथे राहिले त्यांचा पुरावा बंदरात शोधायचा नाही, घाटावर शोधायचा.

कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले आहेत, त्यांत सिहधय नावाचा एक आहे. जुन्नरला इरिल या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दिल्या, तर चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप. नाशिकच्या लेण्यात धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त आपण उत्तरेकडचे योनक आहोत असे सांगतो. हे सगळे लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात आहेत. याच्या कितीतरी आधी कंदाहारला अशोकाने ग्रीक प्रजेसाठी ग्रीकमध्ये लेख कोरवले होते. कार्ले, जुन्नर, नाशिक इथल्या यवन दात्यांना मात्र ग्रीक अक्षर कोरावेसे वाटले नाही. कारण उघड आहे. दान ही इथली रीत, आणि त्या रीतीची शब्दावली ठरलेली: गाव, नाव, वस्तू, ‘देयधम’. आजही देवळाच्या पायरीवर ‘अमक्याच्या स्मरणार्थ’ असे बसवतात, तसाच तो साचा. खांब द्यायचा तर त्या साच्यातच द्यावा लागे, आणि साचा घेतला की भाषाही आली.

आक्षेप असा की या दात्यांची बहुतेक नावे भारतीय आहेत, तेव्हा ‘यवन’ म्हणजे ग्रीकच कशावरून? शंका रास्त आहे, आणि प्रत्येक यवनाला अथेन्सहून आणून बसवणाऱ्यांनी ती मनावर घ्यायला हवी. पण सिहधय, म्हणजे सिंहध्वज, असे नाव धारण करूनही तो माणूस ‘यवन’ ही ओळख दगडात कोरून ठेवतो. नाव बदलले, भाषा बदलली, धर्माचार बदलला, आणि तरी कूळ सांगायचे राहिले नाही. अशा अर्ध्या वाटेवरच्या माणसाचाच हा दाखला आहे, आणि मला तो हवा तसाच आहे.

आता उलट बाजू. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक. नाण्यावर राजाचा चेहरा, मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख, आणि चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरे. ती वाचली तर ग्रीक भाषा निघत नाही; ‘रञो क्षहरातस नहपानस’ हे प्राकृतच ग्रीक लिपीत बसवलेले आहे. म्हणजे ठसा कोरणाऱ्याला अक्षरे येत होती, भाषेचे काम नव्हते. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर तीच अक्षरे हळूहळू मोडत जाऊन नुसती नक्षी उरते. गौतमीपुत्र सातकर्णीने जोगळटेंभीच्या बहुसंख्य नाण्यांवर आपला ठसा मारला. सातवाहनांनी चेहऱ्याची चांदीची नाणी उचलली, ग्रीक अक्षरे नाही. रुबाबाची भाषा राजा गेला की जाते.

टिकली ती पत्रिकेत. शिरढोणात काय किंवा पेणला काय, लग्नासाठी पत्रिका पुढे आली की जोशी बारा घरांकडे बघतो. पहिले, चौथे, सातवे, दहावे ही केंद्रे, त्यांच्या पुढची पणफर, त्यापुढची आपोक्लिम. सातवे, म्हणजे लग्नस्थानाच्या बरोबर समोरचे, जोडीदाराचे घर: जामित्र. ग्रीकमध्ये हेच केंत्रोन, एपानाफोरा, आपोक्लिमा आणि दियामेत्रोस. वारांचा क्रमही याच हिशेबातला. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने एकेका तासाचा, म्हणजे होऱ्याचा, स्वामी धरा. रविवारी सूर्योदयाचा होरा रवीचा घेतला तर पंचविसावा चंद्राचा येतो, म्हणून उद्या सोमवार. सातवाहनांचे लेख ऋतू, पक्ष आणि दिवस देतात, वार देत नाहीत; कोरीव लेखात वार येतो तो पुढे ४८४ सालच्या एरणच्या स्तंभावर, गुरुवार म्हणून.

इथे दोन हरकती येतात. पहिली: हे शब्द आपलेच, ‘अहोरात्र’ची दोन टोके कापून ‘होरा’ झाला. वराहमिहिराने बृहज्जातकात हे मत दिले आहे, पण ‘काहींचे’ म्हणून, आणि यवन म्लेच्छ असले तरी या शास्त्रात ऋषींसारखे पूज्य, हेही त्यानेच नोंदले आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त आपल्या गणिताच्या स्वतंत्रतेची बाजू ठामपणे मांडली; ती मान्य करूनही ‘आपोक्लिम’ला संस्कृत धातू सापडत नाही. दुसरी हरकत अधिक वजनदार: हे पोथीतून आले, रोजच्या जगण्यातून नव्हे. यवनजातक हा ग्रंथ ग्रीकवरून संस्कृतात उतरला असे तो ग्रंथच सांगतो (त्याची साल अलीकडे पुन्हा वादात आहे). पण बृहज्जातकात राशींची ग्रीक नावे दिली आहेत ती बघा: क्रिय, तावुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक. कुंभेचे ‘हिद्रोखोओस’ तर चक्क ‘हृद्रोग’ झाले आहे. हे डोळ्यांनी वाचलेले वाटत नाही, कानांनी ऐकलेले वाटते. आणि ही नावे व्यवहारातून गळाली, कारण मेष-वृषभांनी तेच काम केले. केंद्र आणि होरा राहिले, कारण त्यांचे काम दुसऱ्या शब्दाकडे नव्हते. पोथीने सगळेच जपले होते. निवड वापरणाऱ्यांनी केली.

महाराष्ट्रात ग्रीक रीतसर शिकूनही वापरली गेली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबल मराठीत आणले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली पूर्ण छापून निघाले. तिथे मात्र हेतू उलटा होता: साध्या बाईला कळेल अशी मराठी हवी होती, ग्रीक मागे ठेवायची होती.

शाळेविना आलेली ग्रीक बाजारातही राहिली: ‘द्राख्मे’चा द्रम्म झाला. शिलाहारांच्या कोकणात तो दानलेखांत येतो, ११५० च्या ‘लीलावती’त सोळा पणांचा एक द्रम्म हे कोष्टक येते, आणि आपण आजही वस्तूचा दाम विचारतो. ‘सिरिंक्स’ म्हणजे नळी; कौटिल्याकडे ती सुरुंगा म्हणून भुयार झाली, पुढे दारू आली तसा तोच शब्द दारूने भरलेल्या भोकाला लागला. नव्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी उतरवली ती सुरुंग लावूनच, आणि पनवेलच्या दगडखाणीत हा शब्द कामगाराच्या तोंडी असतो. भोक किती खोल, दारू किती, माणसे किती लांब उभी करायची, एवढे त्याला नीट माहीत असते.