पागडी, ओनरशिप आणि खालची जमीन

घर शोधायच्या अ‍ॅपवर गिरगाव, दादर किंवा परळ टाकून बघा. आकडे बघून डोळे पांढरे होत असतानाच मध्येच एखादी खोली बरीच स्वस्त दिसते. आनंदानं खाली स्क्रोल करावं, तर बारीक अक्षरांत एक शब्द सापडतो : पागडी. त्याच गल्लीतल्या महागड्या फ्लॅटच्या जाहिरातीत मात्र 'ओनरशिप' असं ठसठशीत लिहिलेलं असतं. पहिला शब्द आजोबांच्या पिढीचा, दुसरा वडिलांच्या. पण दोघांची मुळं एकाच काळात, एकाच कायद्याजवळ जाऊन मिळतात. त्यामुळे मुंबईत घर घेणाऱ्यानं किंवा विकणाऱ्यानं थोडा इतिहास वाचणं हा हौसेचा नाही, पैशांचा प्रश्न आहे.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईत माणसं वाढत गेली, बांधकाम जवळपास थांबलं, आणि फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले. भाडी भडकणार हे उघड होतं. १९४७ साली मुंबई सरकारनं भाडेनियंत्रणाचा कायदा केला. त्याचा गाभा असा, की १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच 'प्रमाण भाडं'. ते मालकाला मनमानेल तसं वाढवता येणार नाही आणि नियमानं भाडं भरणाऱ्याला घराबाहेरही काढता येणार नाही. गिरणीतला, गोदीतला, कचेरीतला माणूस या शहरात टिकला तो बऱ्याच अंशी या कायद्यामुळे. आज त्याला नावं ठेवणाऱ्यांनी हे आधी कबूल करावं.

पण कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धं शतक जगला. महागाई वाढत राहिली, भाडं तिथंच राहिलं. मग खोलीची खरी किंमत भाड्यात दिसेना, ती दुसरीकडून बाहेर पडू लागली. नवा भाडेकरू आत येताना मालकाला एकरकमी पैसे देई, तीच पागडी. पुढे जुना भाडेकरू जागा सोडताना नव्याकडून मोठी रक्कम घेई आणि तिचा एक हिस्सा, पुष्कळदा तिसरा भाग, मालकाला देई. त्याबदल्यात मालक नव्या माणसाच्या नावानं भाडेपावती फाडे. १९४७ च्या कायद्यात असे पैसे घेणं गुन्हा होता. तरीही सगळं शहर हा व्यवहार करत होतं, बहुतेक रोखीनं आणि विश्वासावर.

यातून एक विचित्र प्राणी जन्माला आला. खोलीची जवळजवळ बाजारभावानं किंमत मोजलेला, पण कागदावर निव्वळ भाडेकरू असलेला माणूस. आणि समोर मालक. इमारत त्याची, पण महिन्याच्या भाड्यात जिन्याचा दिवाही धड बदलता येऊ नये अशी त्याची मिळकत. दुरुस्ती कुणी करायची? मालक म्हणे परवडत नाही, भाडेकरू म्हणे इमारत माझी नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि गळती दोघांच्याही मधून वाहत होती.

शेवटी १९६९ मध्ये सरकारनं दुरुस्ती मंडळ काढलं. शहर भागातल्या जुन्या इमारतींवर उपकर बसला, त्यातून दुरुस्ती होणार होती. 'सेस बिल्डिंग' हा शब्द तिथला. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या 'अ' वर्गात, १९५० अखेरपर्यंतच्या 'ब' वर्गात, ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात. टेकू लागले, गिलावे झाले, तरी इमारती पडतच राहिल्या. ३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी भेंडीबाजाराजवळची हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसं गेली.

सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये गोठलेली भाडी मनमानी ठरवली. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानं वर्षाला ४ टक्के भाडेवाढ दिली आणि पागडीच्या देवाणघेवाणीला कायदेशीर मान्यता दिली. जे सगळे लपून करत होते ते आता चेकनं करता येऊ लागलं.

म्हणून पागडीची खोली घेणार असाल, तर तुम्ही भिंती विकत घेत नाही, भाडेकरूचा हक्क घेता. मालकाची लेखी संमती आणि तुमच्या नावाची भाडेपावती नसेल तर हातात काही नाही. बँका अशा जागेला कर्ज द्यायला सहसा राजी नसतात, त्यामुळे 'स्वस्त' खोलीसाठी सगळी रक्कम स्वतःच उभी करावी लागते. इमारत सेसची आहे का आणि कुठल्या वर्गातली, हेही विचारा. सेस इमारतीच्या पुनर्विकासात भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेटचं घर मिळण्याचा नियम आहे, आणि खोलीची किंमत खरं तर त्या भविष्यातल्या घराची असते. ते भविष्य पाच वर्षांनी येईल की पंचवीस, हे दलालही सांगू शकत नाही.

आता ओनरशिप. भाड्यात पैसा उरला नाही म्हटल्यावर भाड्यानं देण्यासाठी चाळी बांधणार कोण? बांधणाऱ्यांनी एकेक फ्लॅट विकायला सुरुवात केली. एकत्र येऊन घर बांधण्याची कल्पना मुंबईला नवी नव्हती. गावदेवीत सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ चीच. पण तिथं आधी सभासद जमले आणि मग इमारत उभी राहिली. नव्या पद्धतीत आधी बिल्डर, त्याचा नकाशा आणि त्याचा शब्द. सोसायटी शेवटी, झाली तर.

तक्रारी इतक्या वाढल्या, की १९६० मध्ये राज्य स्थापन होताच सरकारनं चौकशी समिती नेमली. तिच्या अहवालावरून १९६३ चा ओनरशिप फ्लॅट कायदा आला. 'मोफा' म्हणतात तो हाच. त्याची कलमं वाचली तर आधी काय काय चाललं होतं ते कळतं. कराराआधी २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नये (म्हणजे घेत होते). करार लेखी करून नोंदवावा (म्हणजे नोंदवत नव्हते). जमिनीची मालकी कुणाची ते उघड करावं. सोसायटी स्थापावी. आणि शेवटी जमीन व इमारत त्या सोसायटीच्या नावावर करून द्यावी. या शेवटच्या पायरीला कन्व्हेयन्स म्हणतात, सरकारी मराठीत अभिहस्तांतरण.

इथंच मोठी फट राहिली. करारात दुसरी मुदत ठरलेली नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत कन्व्हेयन्स करायचं, असा नियम होता. मग करारातच लिहिलं जाऊ लागलं, की संपूर्ण प्रकल्प पूर्ण झाल्यावर. प्रकल्प पूर्ण होतच नसे. जमीन स्वतःच्या नावावर राहिली की पुढे वाढीव एफएसआय आला तर तो बिल्डरच्या खिशात, हे साधं गणित होतं. परिणामी हजारो कुटुंबं चाळीस-चाळीस वर्षं 'मालक' म्हणून राहिली आणि खालची जमीन दुसऱ्याच्याच नावावर होती. २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन 'मानीव अभिहस्तांतरण' आलं. बिल्डर येत नसेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून एकतर्फी कन्व्हेयन्स मिळवू शकते. चांगली सोय, पण कागद गोळा करता करता सेक्रेटरी बदलतात.

वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये फट वेगळी होती. तिथं मंजुरीपेक्षा जास्त मजले चढले. लोक १९८० च्या दशकापासून राहत होते, कर भरत होते, पण भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, नव्हतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वाढीव मजले बेकायदा ठरवले आणि २०१४ च्या जूनमध्ये पालिकेनं वीज, पाणी, गॅस तोडला. पार्किंगचंही असंच. खांबांमधली जागा वेगळी विकता येत नाही, हे न्यायालयाला २०१० मध्ये सांगावं लागलं.

१ मे २०१७ पासून महारेरा आहे. आता नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि खरेदीदारांच्या पैशातला ७० टक्के वाटा त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. क्षेत्रफळ कार्पेटमध्येच सांगावं लागतं. 'सुपर बिल्ट-अप'च्या नावाखाली जिना आणि लिफ्टही तुमच्या हॉलमध्ये मोजली जात होती, ते दिवस तसे फार जुने नाहीत. नव्या प्रकल्पाची माहिती महारेराच्या संकेतस्थळावर फोनवरच दिसते.

पण पहिलं घर घेणारे बरेच जण जुन्या सोसायटीतला रिसेल फ्लॅट बघतात. तो विकणाऱ्या काकांकडे पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करार, शेअर सर्टिफिकेट आणि ओसी मागा. विकणारे तुम्ही असाल तर हीच फाईल जाहिरातीआधी लावून ठेवा, भाव करताना तिचा उपयोग होतो. मग मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, ऑनलाइन काढून जमिनीपुढे कुणाचं नाव आहे ते बघा. "कन्व्हेयन्सचं चाललंय आमचं" असं काका म्हणाले, तर अर्ज कधी केला आणि त्याचा क्रमांक काय, एवढं विचारून घ्या.