प्लेगचा कायदा आणि तक्रारीचे बंद दार

१/ २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर झालेला गोळीबार इतिहासाच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव, प्लेग कमिशनर वॉल्टर चार्ल्स रँड आणि चापेकर बंधू. त्याआधीच्या चार महिन्यांत पुण्यात काय घडले आणि लोकांचा विरोध नेमका कशाला होता, याची चर्चा मात्र क्वचितच होते. हा धागा त्याविषयी.

२/ सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचा रुग्ण ओळखला. या रोगाचा जिवाणू १८९४ मध्येच हाँगकाँगमध्ये सापडला होता. तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो, ही गोष्ट पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखविली आणि ती सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली. त्यामुळे १८९६-९७ मध्ये सरकार घरे, कपडे, गटारे आणि माणसे यांच्यामागे लागले होते. उंदीर मोकळेच होते.

३/ ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबई महापालिकेने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, ही त्यांची धारणा होती. रुग्ण बहुधा शेवटच्या अवस्थेत तेथे पोहोचत असल्यामुळे प्रत्यक्ष अनुभवही तिला दुजोरा देत होता. महापालिकेला सक्ती सैल करावी लागली.

४/ यानंतर ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. कलमे अवघी चार. दुसऱ्या कलमाने सरकारला आवश्यक वाटतील ते उपाय योजण्याची मुभा दिली. तिसऱ्याने आज्ञाभंगाला शिक्षा ठेवली. चौथ्याने या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल दावा लावण्यास मनाई केली. हे चौथे कलम लक्षात ठेवावे. पुढची सारी कहाणी त्याच्याभोवती फिरते.

५/ हा कायदा केवळ ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. सोलापूर ब्रिटिश मुलखात, म्हणून तेथे तो लागू. तेथून सुमारे ४५ किलोमीटरवरचा नळदुर्ग निजामाच्या राज्यात, म्हणून त्याच्या कक्षेबाहेर. रोगाला अशी हद्द ठाऊक नव्हती.

६/ पुण्यात मार्च १८९७ मध्ये रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि घरझडतीचे काम लष्कराकडे सोपविण्यात आले. कागदावरच्या नियमांत स्त्रियांचा मान राखण्याच्या सूचना होत्या. प्रत्यक्षात गोरे सोजीर माजघरात आणि देवघरात शिरले, सामान रस्त्यावर आले, पुष्कळसे जाळले गेले. रुग्णाला रुग्णालयात आणि त्याच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेले जाई. झडत्या मेच्या मध्यापर्यंत चालल्या.

७/ या विरोधाला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु विरोध करणाऱ्यांपैकी अनेकांना उपचार हवेच होते. टिळकांनी शहर सोडून जाणाऱ्या पुढाऱ्यांवर टीका केली, स्वतः पुण्यातच राहिले आणि हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. त्याच मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करीत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

८/ विरोधाची किंमतही नाकारता येत नाही. झडतीच्या भीतीने लोकांनी रुग्ण लपविले, मृत्यू दडविले, रातोरात गावे सोडली. पळणाऱ्यांबरोबर रोगही पुढे गेला. सक्तीने जे साधायचे होते, त्याच्या नेमके उलट घडले.

९/ मग अन्याय झाला असे ज्याला वाटे, त्याने जावे कोठे? चौथ्या कलमाने न्यायालयाची वाट अडविली होती. अर्जविनंत्यांनी रँड यांची पद्धत बदलली नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडमध्ये सैनिकांवर स्त्रियांच्या विटंबनेचा आरोप जाहीरपणे केला. पण माहिती देणारे नावानिशी पुढे येईनात आणि मायदेशी परतताच त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली.

१०/ दाद मागण्याचा एकही मार्ग उरला नाही, तेव्हा पिस्तूल बाहेर आले. रँड यांच्याबरोबर लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावरही गोळी झाडली गेली. आयर्स्ट जागीच ठार झाले, रँड ३ जुलैला वारले. दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ रोजी फासावर गेले. वासुदेव, बाळकृष्ण आणि त्यांचे सहकारी महादेव रानडे मे १८९९ मध्ये. रँडवधानंतर सरकारने उरलीसुरली दारेही लावून घेतली. ‘केसरी’तील मजकुराबद्दल टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, तर नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याविना अटकेत ठेवण्यात आले.

११/ मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल उसळली. एका जुलाहा विणकर कुटुंबातील आजारी मुलीला तपासण्याचा प्रयत्न हे निमित्त ठरले. त्यानंतरच्या काळात सरकारने हळूहळू धोरण बदलले. लष्करी झडत्या मागे पडल्या, जातिनिहाय व खासगी रुग्णालयांना वाव मिळाला, स्थानिक स्वयंसेवक पुढे आले. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःवर टोचून पाहिलेली लस मुख्यतः लोकांच्या स्वेच्छेवर सोपविण्यात आली. याने प्लेग थांबला नाही. त्याचे सर्वाधिक बळी पुढच्या दशकात गेले आणि १९२१ पर्यंत हिंदुस्थानातील मृत्यूंची संख्या एक कोटीच्या वर पोहोचली. मात्र वैद्याच्या चाहुलीने रुग्ण लपविण्याचे प्रमाण घटले.

१२/ तोच कायदा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने करोनाच्या साथीत लागू केला. विलगीकरण, बंद वस्त्या, अधिकाऱ्यांची वाढलेली सत्ता हे सारे पुन्हा आले आणि चौथे कलमही सोबत होते. साथीत सरकारला अधिकार लागतात, हे १८९७ च्या पुण्यातही अनेकांना मान्य होते. त्यांचे मागणे असे होते की, दारात उभ्या राहिलेल्या सैनिकाविरुद्ध बोलायला कोठेतरी जागा असावी. ती जागा कोणत्या कलमात ठेवायची, याचे उत्तर त्या चार कलमांत तेव्हा नव्हते.

धागा समाप्त.