वर्गाबाहेरची शाळा : तळेगाव, सातारा, मुळशी आणि आमचं वाकड

नात आमच्या वाकडमधल्याच एका आंतरराष्ट्रीय शाळेत जाते. जूनमध्ये तिच्या शाळेकडून वर्षभराच्या उपक्रमांची यादी आली. रोबोटिक्स, कुंभारकाम, घोडेस्वारी, गिर्यारोहण, नाट्य, संयुक्त राष्ट्रसंघाची नकली सभा आणि शेवटी 'समाजसेवा'. प्रत्येकापुढे चौकोन, हवं तिथे खूण करायची. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुमच्या वेळी हे असलं काही नव्हतं ना?"

होतं, असं मी म्हणालो खरं. पण एवढ्या एका शब्दात ते संपत नाही. शिक्षकाला प्रश्न विचारला की तास घेतल्याशिवाय तो सोडत नाही हे आमच्या घरच्यांना ठाऊक आहे. तो तास आज इथे घेतो. मंडळी, मागच्या बाकावर बसून डुलक्या काढायला हरकत नाही.

सुरुवात लांब कुठे नाही, आमच्या शेजारीच होते. वाकडहून जुन्या मुंबई रस्त्याने निघालं की तासाभराच्या आत तळेगाव दाभाडे येतं. तिथलं समर्थ विद्यालय आज किती जणांना आठवतं कोण जाणे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी 1906 साली ते कोल्हापुरात सुरू केलं आणि पुढे ते तळेगावला आलं. काळ वंगभंगानंतरचा. स्वदेशी, बहिष्कार, स्वराज्य आणि राष्ट्रीय शिक्षण ही टिळकांची चतुःसूत्री सगळीकडे गाजत होती. सरकारी शाळा कारकून तयार करतात, आपल्याला माणसं तयार करायची आहेत, असा विचार त्यामागे होता. म्हणून शिकवायचं मराठीतून, आणि पुस्तकाच्या बरोबरीने हाताला उद्योग द्यायचा.

त्याच तळेगावात 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून हा फंड उभारला होता. म्हणजे गावात शाळाही स्वदेशी आणि भट्टीही स्वदेशी. तिथल्या मुलाला स्वदेशीवर वेगळा निबंध लिहायला सांगायची गरज पडली नसावी.

पुढे काय झालं? विजापूरकरांच्या 'विश्ववृत्त' मासिकातल्या एका लेखावरून राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना तुरुंगात जावं लागलं. 1910 साली सरकारने समर्थ विद्यालयच बंद केलं.

इथे जरा थांबू या. एका शाळेला साम्राज्याने का घाबरावं? तिथे बाँब बनत नव्हते. पण वर्गात शिकलेली गोष्ट मूल वर्गाबाहेर करून बघायला लागलं की ते प्रश्न विचारतं, आणि प्रश्न विचारणारी मुलं कुठल्याच सरकारला सोयीची नसतात. पुढे विजापूरकर सुटून आले आणि त्यांनी पुन्हा तळेगावातच शाळा उभी केली. नवीन समर्थ विद्यालय आजही तिथे भरतं. आमच्या पट्ट्यातल्या किती आंतरराष्ट्रीय शाळांच्या सहली तिथे जात असतील? मुंबई-पुण्याची थीम पार्क मात्र कुणी सोडत नाही. असो.

आता साताऱ्याकडे वळू. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं आणि 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला राजर्षी शाहूंचं नाव देण्यात आलं. या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. आज वाचताना हे सोपं वाटतं. ज्या काळात विहिरीसुद्धा वेगळ्या होत्या त्या काळात एका पातेल्यातली भाजी एकमेकांना वाढणं हा केवढा मोठा धडा होता! त्याचं पाठ्यपुस्तक नव्हतं, त्याची परीक्षाही नव्हती. मुलांचं पोट भरावं म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही.

'स्वावलंबी शिक्षण' हे रयतचं ब्रीद. मुलं शेतात राबत, माती उपसत, खडी फोडत आणि त्यातून शिक्षणाचा खर्च भागवत. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेव्हा 'कमवा आणि शिका' ही योजना तिथे महाविद्यालयीन शिक्षणाचाच भाग झाली. आजच्या यादीत समाजसेवेपुढे खूण करायला चौकोन असतो. तिथे चौकोन नव्हता, कारण श्रम केले नाहीत तर शिक्षणच थांबणार होतं.

तिसरं गाव अमळनेर. साने गुरुजी 1924 ते 1930 तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत. मुलं शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडायचे, विस्कटलेली अंथरुणं नीट लावून ठेवायचे, ही गोष्ट आमच्या पिढीने शंभरदा ऐकली आहे. त्यामानाने त्यांच्या हस्तलिखित 'छात्रालय दैनिका'बद्दल कमी बोललं जातं. दैनिक, बरं का! वर्षाअखेरीला एकदा निघणारा गुळगुळीत कागदाचा अंक नव्हे. रोज हाताने लिहून भिंतीशी लावायचं, मुलांनी वाचायचं. मी स्वतः माझ्या शाळेत हस्तलिखित मासिक चालवलं आहे. महिन्याला एक अंक काढताना तोंडाला फेस येई. रोज म्हणजे काय तपश्चर्या असेल, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

यानंतर 1937 सालच्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. तिथून नयी तालीम निघाली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. हाताच्या उद्योगातूनच गणित, विज्ञान, भाषा शिकायची ही कल्पना. सूत मोजताना गुणाकार आणि कापूस पिकवताना भूगोल. सेवाग्रामला ती रुजली, देशभर मात्र नाही. शहरातल्यांना इंग्रजी आणि आमच्या पोरांना टकळी, ही शंका खेड्यातल्या आईबापांच्या मनातून गेली नाही. ती शंका सर्वस्वी चुकीची होती असं मला आजही म्हणवत नाही. श्रम एकट्या गरिबाच्याच वाट्याला आले की त्यांचं शिक्षण होत नाही, शिक्षा होते.

कोठारी आयोगाच्या 1966 च्या अहवालाने 'कार्यानुभव' हा शब्द आणला आणि आम्ही शिक्षक झालो तोवर तो वेळापत्रकात येऊन बसला होता. त्या तासाची कथा मी जवळून पाहिली आहे. आमच्या शाळेत बहुतेक मुलं कारखान्यांतल्या कामगारांची. पहिल्या काही वर्षांत आम्ही खडू बनवायचो. प्लास्टर ऑफ पॅरिस कालवायचं, साच्यात ओतायचं, सुकवायचं. खडू जरा वेडेवाकडे व्हायचे, कधी लिहिताना मध्येच मोडायचे. पण सगळ्या शाळेचे फळे त्यावर चालत. खडू संपले की सातवीची पोरं आठवीच्या पोरांना येऊन जाब विचारत, "दादा, खडू कुठाय?" आठवीतला दादा त्या दिवशी मधली सुट्टी सोडून साचे भरत बसे.

पुढे गुणदान आलं, तपासणी आली, फाइल आली. खडू बाजारातून येऊ लागले. कार्यानुभवाच्या नावाखाली मुलं थर्माकोलचा ताजमहाल आणू लागली, आणि तो बहुधा आईने किंवा कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने केलेला असे. तपासून झालं की ताजमहाल कपाटावर, आणि दिवाळीच्या साफसफाईत कचऱ्यात. तास तोच, गुण उलट जास्त, पण त्या ताजमहालावाचून कुणाचंच काही अडत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, आंतरराष्ट्रीय शाळेचा विषय राहिला बाजूलाच. तिकडेच येतोय. या शाळांच्या उपक्रमांमागे जे विचार आहेत, त्यांतला एक मोठा प्रवाह कुर्ट हान या जर्मन शिक्षकापाशी जातो. हान ज्यू होते. 1920 साली त्यांनी जर्मनीत सालेम इथे शाळा काढली. हिटलरला उघड विरोध केल्यामुळे 1933 मध्ये त्यांना अटक झाली. सुटका झाल्यावर ते ब्रिटनला गेले आणि 1934 साली स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा सुरू केली. आपले विजापूरकर आठवले ना? दोघेही शिक्षक, दोघांचीही शाळा राज्यकर्त्यांना खुपली, आणि दोघांनीही सुटून आल्यावर पुन्हा शाळाच काढली.

हान यांच्याच विचारातून 1962 साली वेल्सच्या समुद्रकाठी अटलांटिक कॉलेज निघालं. देशोदेशीची सोळा ते एकोणीस वयाची मुलं तिथे दोन वर्षं एकत्र राहतात. शाळेसमोरचा समुद्र धोक्याचा, म्हणून मुलांनी बुडणाऱ्यांना वाचवायचं काम अंगावर घेतलं. 1963 पासून 2013 पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं, तिथे जीवरक्षक नौकांचं अधिकृत केंद्र होतं आणि विद्यार्थी त्यावर काम करत. त्यासाठी चांगली नौका हवी म्हणून पहिले मुख्याध्यापक डेस्मंड होर यांनी मुलांना हाताशी धरून बरेच प्रयोग केले. टणक तळाची आणि बाजूने हवा भरलेली नौका तयार झाली. तिचं पेटंट त्यांनी जीवरक्षक संस्थेला अवघ्या एका पौंडाला दिलं. आज जगभरच्या समुद्रावर तशा नौका दिसतात. भौतिकशास्त्राचा तास आणखी कसा असतो?

जिनिव्हात 1968 साली आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, ही परीक्षापद्धती सुरू झाली. तिच्या पदविकेत सर्जनशीलता, शारीरिक कृती आणि सेवा हे तिन्ही सक्तीचे. त्याला गुण नाहीत, पण ते पूर्ण केल्याशिवाय पदविका मिळत नाही. पूर्वी दीडशे तास भरायची अट होती. मुलं तास भरतात, काम करत नाहीत, हे जगभरच्या शिक्षकांना दिसत असणारच. पुढे तासांची मोजणी काढून टाकली. आमचा थर्माकोलचा ताजमहाल साहेबाच्या देशातही होता म्हणायचा!

अटलांटिक कॉलेजच्या घराण्यातलं एक कॉलेज आपल्या उशाशी आहे. मुळशी तालुक्यात पौडजवळ टेकडीवर 1997 साली महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झालं. तिथल्या उपक्रमांना 'त्रिवेणी' असं सुंदर नाव आहे आणि निरनिराळ्या देशांची मुलं आसपासच्या गावांत जाऊन कामं करतात. ज्या मुळशी खोऱ्यात 1921 पासून सेनापती बापट आणि मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेच हे खोरं. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याजवळ बसून धरणाखाली गेलेल्या गावांची गोष्ट ऐकणं, यापेक्षा मोठा इतिहासाचा तास मी घेऊ शकलो नसतो.

योगायोग असा की आमचं वाकडही 1997 सालीच पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. तोवर मुळेकाठचं शेतीचं गाव. मग शेजारी हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या, शेतात इमारती उगवल्या आणि इमारतींमागोमाग आंतरराष्ट्रीय शाळा. त्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. नात तिथे धीटपणे बोलायला शिकली, मातीचं भांडं स्वतः घडवून आली, त्याचा मला आनंद आहे. आमच्या मुलींना ही संधी मिळाली असती तर कितीजणी पुढे गेल्या असत्या!

पण पंचाहत्तरीला टेकलेल्या मास्तराला एक प्रश्न विचारायचा हक्क आहे. हे काम मुलांनी केलं नाही तर कुणाचं अडेल? काल्यापासून वेल्सपर्यंत जे उपक्रम खरे ठरले, तिथे कुणाचं तरी अडत होतं. पंगतीत भाजी नसती, फळ्याला खडू नसता, समुद्रात माणूस बुडाला असता. जिथे कुणाचंच अडत नाही तिथे उपक्रमाचं रूपांतर फोटोत होतं. वर्षातून एकदा वस्तीतल्या शाळेत जाऊन वह्या वाटायच्या, फोटो काढायचा, बसमध्ये बसून परत. यात ज्याला वही मिळाली तो काय शिकला, आणि ज्याने दिली तो तरी काय शिकला?

2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकायचं. कल्पना झकास आहे. ती कामं करणारी माणसं वाकडमध्येच आहेत. महापालिकेची शाळाही इथेच आहे. म्हातोबाचं देऊळ आहे, हिंजवडीहून निघणारं बगाड आहे, आणि ती परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी घरं आहेत. मुळा नदी आहे, तिची अवस्था सांगायला नको. या दहा दिवसांत दोन्ही शाळांच्या मुलांना एकत्र आणून, मुळेचं पाणी महिन्याला तपासून त्याची नोंद वर्षभर ठेवायला सांगितली तर? ती नोंद उद्या गावाच्या उपयोगी पडेल. आणि मुख्य म्हणजे दोन्हीकडची पोरं एका डब्यातून जेवतील. भाऊरावांनी शंभर वर्षांपूर्वी ज्यासाठी एवढा आटापिटा केला, ते कुंपणाअलीकडे-पलीकडे बसून व्हायचं नाही.

हे सगळं मी सूनबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "बाबा, पालकसभेत तुम्हीच या." बघू. मास्तरला सभेचं निमंत्रण म्हणजे विस्तवाशी खेळ.

वाचकहो, तुमच्या शाळेत असं कुठलं काम होतं का, की जे तुम्ही केलं नसतं तर खरोखरच कुणाचं तरी अडलं असतं? घंटा वाजवण्यापासून बागेला पाणी घालण्यापर्यंत काहीही चालेल. जरूर कळवा. अमेरिकेतल्या भाच्यांनीही कळवावं, तिकडच्या शाळांत काय करतात ते वाचायला आवडेल.