पदपथावरचे बिऱ्हाड आणि घटनेचे एकविसावे कलम

१३ जुलै १९८१ रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केले की, मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना उठवून त्यांच्या मूळ गावी धाडण्यात येईल. २३ जुलैला, ऐन पावसाळ्यात, झोपड्या पाडल्या गेल्या. त्यातून उभा राहिलेला खटला पत्रकार ऑल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखला जातो. पण त्यातील एक अर्जदार आपल्याच जिल्ह्यातला होता.

हा गृहस्थ संगमनेरचा. गावी चामड्याचे काम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळवी. राहते घर पडले, तेव्हा १९६९ साली त्याने मुंबई गाठली आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. बदली कामगार म्हणजे कायम माणूस गैरहजर असेल त्या दिवशी ज्याला काम, तो. तुळशीवाडीच्या पदपथावर जागेसाठी त्याने गुंडाला ३०० रुपये मोजले. बांबू व प्लॅस्टिकला ७०० लागले. जवळजवळ तीन महिन्यांची मिळकत घालून ज्याने छप्पर आणले, त्याला फुकट्या कोणत्या तोंडाने म्हणावे?

कायदा मात्र त्याच्या बाजूचा नव्हता. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याचे ३१४ वे कलम आयुक्तांना रस्त्यावरील अतिक्रमण नोटिशीवाचून हटविण्याची मुभा देई. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याने तर, उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसता, भिकेवर जगत असावा अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरणाऱ्यालाही भिकारी ठरविले. एका कायद्याने छप्पर जाई. दुसऱ्याने बिनछपराचा माणूस पकडला जाई. या दुसऱ्या कायद्यातील भीक मागणे हा गुन्हा ठरविणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केली, पण ती दिल्लीपुरती.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला. माणूस पदपथावर राहतो तो काम जवळ आहे म्हणून. तेथून उठविले की काम जाते, आणि काम गेले की जगणे जाते. म्हणून २१ व्या कलमातील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क आला, असे न्यायालयाने मानले. तथापि पदपथ अडविण्याचा हक्क कोणालाही नाही, हेही त्याने बजावले. ३१४ वे कलम कायम राहिले. परंतु सामान्यतः म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय ते वापरू नये, असा अर्थ लावला गेला. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत हटविण्यास मनाई झाली. १९७६ च्या गणनेचे ओळखपत्र असणाऱ्यांना पर्यायी जागा द्याव्यात, असे ठरले.

आमच्या चळवळीत काहीजण याला पराभव म्हणतात. घर मिळाले नाही, हे खरे. पण 'तुझे काय म्हणणे आहे' हे विचारणे सरकारवर बंधनकारक झाले, ही लहान गोष्ट नव्हे. कामगाराला न ऐकता काढता येत नाही, हे तत्त्व आम्ही गिरणीच्या दारात लढून मिळविले; तेच येथे रस्त्यावर आले.

पुढे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा उभारण्यास सांगितले. पाथर्डी शहराची वस्ती लाखाच्या आत. हे माप आपल्यापर्यंत पोहोचत नाही. आणि आपल्याच तालुक्यातून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीस जाऊन कारखान्यांच्या परिसरात कोप्या ठोकून राहतात. त्यांना कोणी उठविले तर ऐकून घेण्याचा हक्क त्यांचाही आहे. तो मागण्यास अडाणी माणूस एकटा जात नाही. त्याच्यासोबत जाणे हे आपणा शहरवासीयांचे काम आहे.