फिरती प्रोफाइल : एका जुन्या तत्त्वाचे पुनरागमन

जाळ्यातील कोणत्याही संगणकापुढे बसावे आणि आपलीच मांडणी, आपलेच कागद समोर यावेत, ही सोय विंडोज एनटीने प्रथम निर्माण केली, असा समज पुष्कळदा आढळतो. कालक्रम तपासला असता तो टिकत नाही.

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कॉर्बातो ह्यांच्या नेतृत्वाखाली १९६१ मध्ये कालविभागणीची पद्धती प्रथम दाखविण्यात आली. ह्या पद्धतीत यंत्र एकच व टर्मिनले अनेक असत. त्यामुळे वापरणाऱ्याने कोठे बसावे हा प्रश्नच नव्हता. १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला व हे ऐक्य भंगू लागले. यंत्र मेजावर आले खरे. परंतु त्याबरोबर मनुष्याचे कागदही त्या एका यंत्रास बांधले गेले.

ही अडचण प्रथम विद्यापीठांस जाणवली, हे स्वाभाविकच होय. कारण तेथे यंत्रे सामाईक व विद्यार्थी हजारो. कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९८२ मध्ये आयबीएमच्या साहाय्याने ‘अँड्र्यू’ प्रकल्प आरंभिला. त्यातील फाइलपद्धतीत मूळ प्रत सर्व्हरवर राही व उघडलेल्या फाइलीची तात्पुरती प्रत तेवढी स्थानिक डिस्कवर येई. १९८३ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथे ‘अथीना’ प्रकल्प सुरू झाला व तो १९९१ पर्यंत चालला. तेथे कर्बेरॉसने वापरणाऱ्याची ओळख पटवावी, हेसिअडने त्याची गृहनिर्देशिका कोठे आहे ते सांगावे आणि यंत्राने ती जोडून घ्यावी, अशी कामाची वाटणी होती. अशा रीतीने कालविभागणीचे जुने तत्त्व विखुरलेल्या यंत्रांवर पुनः प्रस्थापित झाले.

१९९६ च्या विंडोज एनटी ४.० मधील योजना ह्याहून भिन्न आहे. व्यवस्थापकाने सर्व्हरवर सामाईक फोल्डर निर्माण करावयाचा व प्रत्येकाच्या खात्यात त्याच्या प्रोफाइलचा मार्ग नोंदवावयाचा. प्रवेशसमयी संपूर्ण प्रोफाइल स्थानिक यंत्रावर उतरे व निर्गमनसमयी परत जाई. म्हणजे येथे मनुष्य मुळाकडे जात नसून मुळाची प्रतच मनुष्यामागे प्रवास करी. ह्यातून दोन दोष उद्भवले. एक, प्रोफाइल फुगली की प्रवेशास विलंब लागे. दुसरा अधिक गंभीर : एकाच वेळी दोन यंत्रांवर काम केल्यास जे यंत्र शेवटी सोडले त्याची प्रत उरे व दुसऱ्यावरील श्रम पुसले जात. अँड्र्यूमध्येही शेवटी बंद केलेली प्रत टिके, हे खरे. परंतु तेथे हानी एका फाइलीपुरती मर्यादित असे, येथे सबंध प्रोफाइलीची.

विंडोज २००० ने केलेली सुधारणा ह्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. फाइलींचे एकत्रीकरण तिने सुरू केलेच, शिवाय कागदपत्रांचे फोल्डर थेट सर्व्हरकडे वळविण्याची सोय दिली. हे वळविणे म्हणजे, काही अंशी, अथीनाच्या मार्गावर परत येणेच होय.

तात्पर्य, फिरत्या प्रोफाइलीचा इतिहास हा सरळ प्रगतीचा इतिहास नव्हे. मूळ एके ठिकाणी ठेवून तेथे पोहोचावे की प्रती फिरवून त्यांचा मेळ घालावा, हा तिच्यातील खरा वाद आहे. ज्याचे दिवसभराचे काम एका निर्गमनात नाहीसे झाले, त्या विद्यार्थ्यास हा वाद केवळ तात्त्विक वाटणार नाही.